धर्मकाट्यावरचे मास्तर

सीनाय पर्वतावर मोशेला दहा आज्ञा मिळाल्या. अकरावी आमच्या मास्तरांनी जालन्यात काढली. ती अशी : विषयाला धरून बोला.

हे मास्तर कुठल्या शाळेतले नव्हेत. मराठवाड्यातल्या कॅथलिक वस्त्यांत फादर एक आणि गावं ढीगभर, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. फादर यायचे तेव्हा येणार. मधल्या दिवसांत प्रार्थना कोण सांगणार, लेकरांकडून धर्मशिक्षणाची पुस्तिका कोण घोकून घेणार, मयताच्या घरी पुढे होऊन कोण उभं राहणार? तर मास्तर. आमच्या मास्तरांचे वडीलही मास्तरच होते. ते सायकलवर हिंडले. यांनी स्कूटी घेतली, एवढाच काय तो सुधारणेचा भाग.

पोटासाठी मास्तर आठवड्याचे सहा दिवस औद्योगिक वसाहतीजवळच्या एका धर्मकाट्यावर बसतात. जालन्यात भंगार वितळवून सळई काढणारे कारखाने आहेत, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. भरलेली गाडी काट्यावर चढली की एक वजन, माल उतरवून परत आली की दुसरं, वजाबाकी, पावती, पुढची गाडी. उजव्या अंगठ्याला कार्बनची निळी झाक कायमची बसलेली. रविवारी समोर ट्रकांऐवजी नववी ते बारावीची पोरंपोरी असतात, पण कामाची रीत बदलत नाही. प्रश्न काट्यावर घ्यायचा, कोणत्या आज्ञेत बसतो ते पाहायचं, पावती फाडायची. चष्मा कपाळावर गेला की समजावं, आज्ञेचा क्रमांक येतो आहे. क्रमांकानंतर ‘याला तीन मुद्दे आहेत’. तिसरा मुद्दा आजवर कुणी ऐकलेला नाही. दुसऱ्यावरच जेवणाची घंटा होते.

मास्तरांची एक जुनी ठसठस आहे. जालन्यात ‘आम्ही ख्रिस्ती’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘म्हणजे मिशन हॉस्पिटलवाले का?’ त्यात त्याची चूक नाही. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, स्कॉटलंडच्या मिशनने दवाखाना काढला, आणि ख्रिस्ती म्हणजे ते, असं गावाच्या डोक्यात पक्कं बसलं. ते प्रेस्बिटेरियन, १९७० साली उत्तर भारताच्या एकत्रित चर्चमध्ये, म्हणजे सीएनआयमध्ये गेले. आम्ही रोमन कॅथलिक. आमचा औरंगाबाद धर्मप्रांतच मुळी १९७७ सालचा, त्याआधी आम्ही अमरावतीच्या पदरात होतो. हा सगळा इतिहास मास्तर तहसील कचेरीतल्या कारकुनालाही सांगतात. कारकून ऐकून घेतो आणि अर्जावर ‘मिशन’ लिहितो.

दरवर्षी मे महिन्यात युवक शिबिर होतं, कारण त्या महिन्यात पोरांना सुट्टी असते, फादरांना उसंत असते आणि हॉलला लाईट नसते. तालुक्यातालुक्यांतून पोरं येतात. मास्तरांना नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून ते गावावरून हाक मारतात. ‘ए परतूर, खिडकी लाव.’ ‘भोकरदन, हसू नको.’ एका तालुक्याचे दोन निघाले तर भोकरदन थोरला आणि भोकरदन बारका. आठही तालुके हजर असले की मास्तर हजेरी घेत नाहीत, जिल्हा नियोजन समितीची बैठक घेतात असं वाटतं.

शिबिराचा फलक छापील असतो : ‘आजची नैतिक आव्हाने आणि ख्रिस्ती युवक’. सोबत शहरातून आलेली पुस्तिका. तिच्यात इच्छामरण आहे, भाडोत्री मातृत्व आहे, अण्वस्त्रं आहेत, क्लोनिंग आहे. पुस्तिका विद्वान माणसानं लिहिली आहे आणि एकही शब्द खोटा नाही. मास्तरांनी ती लाल पेनानं अधोरेखित करून पाठ केली आहे. विशेषतः क्लोनिंगवर त्यांची तयारी अशी, की कुणीतरी विचारावं म्हणून ते वर्षानुवर्षं वाट बघत होते. शेवटी मंठ्याच्या एका पोरानं हात वर केला.

‘मास्तर, आम्ही जंभेरीवर मोसंबीचा डोळा भरतो. सगळी झाडं एकाच झाडाची. ते पाप हाय का?’

मास्तरांनी चष्मा वर ढकलला, खाली घेतला, पुन्हा वर ढकलला. ‘झाडाला आत्मा नसतो,’ ते म्हणाले.

मागच्या बाकावर फादर बसले होते. फादर तरुण, वसईचे, सेमिनरीतून ताजे निघालेले. त्यांनी बोट वर केलं. ‘मास्तर, तसं संत थॉमस अक्विनास म्हणतात की वनस्पतींनाही एक प्रकारचा आत्मा असतो. अर्थात तो अमर...’

‘फादर,’ मास्तर म्हणाले, ‘विषयाला धरून बोला.’

पोरं समोरासमोर विचारत नाहीत म्हणून चिठ्ठ्यांचा डबा ठेवला आहे. मुळात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. खरं म्हणजे अशा गोष्टींसाठी आमच्यात पापनिवेदन आहे. फादरांनी ऐकलेलं ते कुणापाशी बोलू शकत नाहीत, जिवावर बेतलं तरी नाही. मास्तरांवर असलं बंधन नाही, आणि शिबिराचं स्वयंपाकघर मास्तरीणबाईंकडे आहे. त्यामुळे पोरं चिठ्ठ्या डाव्या हातानं लिहितात.

एका शिबिरात सीएनआयच्या घरचा एक मुलगा मित्राबरोबर आला होता. जेवण फुकट होतं आणि क्रिकेटला अकरावा गडी हवा होता, एवढ्या कारणावर. त्यानंही चिठ्ठी टाकली. मास्तरांनी ती खणखणीत आवाजात वाचली : ‘सातव्या आज्ञेमुळे रात्र-रात्र झोप लागत नाही. मोबाईल हातात घेतला की जास्तच. शेजारची दिसली की मन ताब्यात राहत नाही. काय करावे?’

सातवी आज्ञा. चोरी करू नको. मास्तर उभे राहिले. चोरी छोट्या गोष्टीनं सुरू होते, म्हणाले. आज शेजारच्यांचं वायफाय, उद्या तारेवर आकडा टाकून वीज, परवा कारखान्यातली सळई. शेजारची म्हणजे शेजारची सायकल असणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. मग सल्ला आला : ‘घाबरू नको. जी घेतली असशील ती आजच्या आज तिच्या घरी नेऊन पोचव. घरच्यांपुढं उभा राहा, वापरली म्हणून कबूल कर, नुकसान झालं असंल तर भरून दे.’

हॉलमध्ये आधी शांतता पसरली. मग बदनापूरकडून खिंकाळल्यासारखा एक आवाज आला आणि त्यानंतर कुणालाच आवरेना. सिस्टरांनी तोंडावर रुमाल धरला. शेवटी त्यांनीच उठून मास्तरांच्या कानात सांगितलं. आज्ञा त्याच, पण मोजदाद वेगळी. मूर्तिपूजेची आज्ञा प्रेस्बिटेरियन वेगळी धरतात, आम्ही ती पहिल्यातच घेतो आणि शेवटच्या लोभाच्या दोन करतो. त्यामुळे आमच्याकडे सहावी ती त्यांच्याकडे सातवी. सहावी म्हणजे व्यभिचाराची.

मास्तरांचे कान लाल झाले. पण पावती चुकली तर ती फाडून दुसरी करायची, हा काट्यावरचा नियम. ‘आधीचा सल्ला रद्द,’ ते म्हणाले. ‘कुणाच्या घरी काही नेऊन द्यायचं नाही.’

सहाव्या आज्ञेचा तास तेव्हापासून सिस्टर घेतात. त्या नर्स आहेत, मूळच्या केरळच्या, मराठी मोडकं पण बोलणं सरळ. शरीराला शरीर म्हणतात. मोबाईलवर काय बघता ते मला माहीत आहे असं आधीच सांगून टाकतात, म्हणजे अर्धी लाज तिथंच संपते. मुली त्यांना पाळीपासून पळून जाण्यापर्यंत सगळं विचारतात. त्या तासाला मास्तर पाण्याचा टँकर आला का ते बघायला बाहेर जातात. टँकर तोवर येऊन गेलेला असतो.

मोबाईलचं दुखणं मात्र मास्तरांनी स्वतःकडे ठेवलं आहे. त्यांना कार्लो अकुतिस सापडला, म्हणून. इटलीतला पोरगा, संगणकात हुशार, २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओंनी त्याला संत म्हणून घोषित केलं. चर्चमध्ये त्याचा फोटो लागला : जीन्स, टी-शर्ट, पाठीला सॅक. वस्तीतल्या एका म्हातारीनं बराच वेळ बघून विचारलं, ‘हे कुनाचं लेकरू हरवलंय?’ मास्तरांनी समजावून सांगितलं. म्हातारीनं हात जोडले, पण संतानं बूट काढायला पाहिजे होते, हे मत तिनं बदललं नाही.

या कार्लोची एक गोष्ट मास्तर फार रंगवून सांगतात. त्याच्याकडे प्लेस्टेशन होतं, पण तो स्वतःला आठवड्याला एकच तास खेळू देई. ‘एक तास!’ मास्तर बोट वर करून थांबले.

‘मास्तर,’ अंबड म्हणाला, ‘आमच्याकडं आठवड्याला रेंजच तेवढी असती.’

त्याच अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी तिथं मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या वर्गावर्गांत बाकांची मांडणी बदलली. कालपर्यंत एका डब्यात जेवणारी पोरं कोण आरक्षण मागणारा आणि कोण विरोधातला, यावरून वेगळी बसू लागली. आमच्या पोरांची पंचाईत अशी की त्यांना दोन्हीकडून विचारणा. त्यानंतरच्या शिबिरात चिठ्ठी आली : ‘आपण कुणाकडून?’

‘देवाकडून,’ मास्तर म्हणाले.

‘आन्‌ देव कुनाकडून?’ मागून आवाज आला.

‘विषयाला धरून बोला.’

इथवर वाचून मास्तर म्हणजे नुसतं हसं आहे असं वाटेल. तसं नाही. मास्तरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, आणि कपाटात स्नानसंस्काराच्या नोंदवह्या. लेकराचं नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, सह्या किंवा अंगठे. वाळवी लागू नये म्हणून वह्यांत कडुलिंबाचा पाला. मास्तरांचं सगळं नीतिशास्त्र मला विचाराल तर पुस्तिकेत नाही, या कपाटात आहे. त्यातही ते कपाट कधी उघडतं आणि कधी उघडत नाही, यात.

घनसावंगीची चिठ्ठी आली. ती डाव्या हाताची नव्हती, चांगली वळणदार होती. ‘आईबापाचा मान राख ही चौथी आज्ञा. माझ्या मैत्रिणीला सोळा चालू आहे. दिवाळीआधी तिचं लग्न करायचं घरच्यांनी ठरवलं. तिनं मान राखावा का?’

मैत्रीण कोण, ते सगळ्यांना कळलं. इथला हिशेबही सगळ्यांना ठाऊक. दिवाळीनंतर आईबाप उसाला जाणार, सहा महिने घर मोकळं, पोरगी मागं ठेवायची कुणाच्या भरवशावर? लग्न लावून दिलं की काळजी मिटते, आणि नवराबायको मिळून एक कोयता होतो, मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. आईबाप दुष्ट नसतात. घाबरलेले असतात, आणि बहुधा आधीच कर्जात असतात.

त्या चिठ्ठीला मास्तरांनी आज्ञा लावली नाही, मुद्दे काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, वही पिशवीत घातली आणि स्कूटी काढली. मागं मी बसलो होतो, म्हणून पुढचं सांगू शकतो.

बोलणी मामा करत होता. त्यानं आधार कार्ड पुढं केलं. त्यावर पोरगी अठराची. मास्तर काही बोलले नाहीत. मग मामानं हुकमी पान टाकलं. त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. ‘तुमच्याच चर्चच्या कायद्यात पोरीचं वय चौदा हाय.’

आणि ते खरं आहे! रोमच्या १९८३ च्या कायद्यात कलम १०८३ : मुलगा सोळा, मुलगी चौदा. जगभरासाठीची ती सगळ्यात खालची रेघ, पण आहे. मास्तरांना ती माहीत होती, आणि त्याआधीचं कलम १०७२ सुद्धा. ते त्यांनी जोरात सांगायला सुरुवात केली : ज्या भागात ज्या वयात लग्न करण्याची रूढी आहे, त्याआधी लग्न करण्यापासून धर्मगुरूंनी तरुणांना परावृत्त... इथं मास्तर थांबले. त्या भागातली रूढी समोर मांडी घालून चहा पीत होती.

त्यांनी कायदा सोडून दिला. वही काढली, पान उघडलं, मामापुढं धरलं. जन्मतारखेप्रमाणे मुलगी पंधरा पूर्ण. आणि धर्मपित्याच्या रकान्यात सही कुणाची? मामाची. भर देवळात, मेणबत्ती हातात धरून, या लेकराला मी जपीन असं म्हणून केलेली. मामानं ती सही बराच वेळ ओळखली नाही. मग ओळखली. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की २००६ च्या कायद्यात लग्न लावणारा, जेवायला वाढणारा, सगळे येतात, आणि १०९८ ला फोन लावायला आपल्याला रेंजची एक काडी पुरते. लग्न पुढं गेलं. मोडलं नाही, पुढं गेलं, तेही सांगितलं पाहिजे. पोरगी अकरावीला बसली.

आता दुसरी चिठ्ठी. ही जाफराबादच्या मुलाची. तो बारावीला होता, पुढं फार्मसीला जायचं होतं. ‘दाखल्यावर आम्ही हिंदू मांग. रविवारी आम्ही ख्रिस्ती. आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नको. मग आम्ही रोजच खोटं बोलतो का?’

हॉलमधली चुळबुळ थांबली. कारण हा एकट्या जाफराबादचा प्रश्न नव्हता, आठही तालुक्यांचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती नाहीत, मुसलमान नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका बाईंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. त्यांचा दावा फेटाळताना त्यांच्या तान्हेपणीच्या स्नानसंस्काराची नोंद पुराव्यात धरली गेली. म्हणजे असलीच एक वही. त्या बातमीनंतर मास्तरांनी कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

माझं मत असं, की लबाडी पोरानं केलेली नाही. डोक्यावर पाणी ओतलं की जात वाहून गेली, असं दिल्लीचा कागद मानतो. गावातला हापसा मानत नाही, घरमालक मानत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही मानत नाही. सोयरीक जुळवताना आमच्यातही पहिली चौकशी आडनावाची होते, प्रार्थना नंतर. पण हे लिहिणं सोपं. मास्तरांना तिथं उभं राहून बोलायचं होतं, आणि मास्तरांचा थोरला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून इंजिनिअर झाला, हे हॉलमधल्या बंद पंख्यांनाही माहीत होतं.

चष्मा वर गेला. खाली आला. फादर खिडकीबाहेर बघू लागले.

‘हे बघा,’ मास्तर म्हणाले. ‘तुमचं भरल्या गाडीचं वजन झालंय. रिकाम्या गाडीचं वजन सरकारनं अजून घेतलेलं नाही. तवर पावती पक्की नाही.’

याचा अर्थ कुणालाच लागला नाही. फादरांनी मात्र वहीत लिहून घेतला. जाफराबादनं विचारलं, ‘म्हंजे अर्ज भरू का नको?’ मास्तर म्हणाले, ‘तारीख कधीची हाय?’ तारीख दोन दिवसांवर होती. मास्तरांनी त्याला रात्री खोलीवर बोलावलं आणि अर्ज सोबत बसून भरला. कोणत्या रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. मी मुद्दाम कंदिलाची काच पुसत होतो.

त्यानंतर कधी कुणी अनोळखी माणूस जुन्या नोंदी बघायला आला, तर मास्तर त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, बेथेलपासून १९७७ पर्यंतचा इतिहास देतात. किल्ली फादरांकडे असल्याचं सांगतात. फादर ती सिस्टरांकडे असल्याचं सांगतात. सिस्टरांना तेवढ्यापुरतं मराठी येत नाही.

गेल्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी डब्यात दोनच चिठ्ठ्या उरल्या होत्या. पहिली मास्तरांनी उघडली, मनात वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली. माझी खुर्ची त्यांच्या मागंच होती, म्हणून मला दिसलं. लिहिलं होतं : ‘कपाटाची किल्ली खरंच कुणाकडं असती?’

‘ही कोरी निघाली,’ मास्तर म्हणाले, आणि लगोलग दुसरी उघडली. ‘रोज रोज वांगंच काहून?’

हायसं वाटून मास्तर उभे राहिले. चष्मा कपाळावर गेला. ‘याला तीन मुद्दे आहेत,’ ते म्हणाले. पहिला मुद्दा संयमाचा होता, दुसरा मे महिन्यातल्या भाज्यांच्या भावाचा. तिसऱ्याला हात घालणार, तोच मास्तरीणबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मास्तरांनी घंटा वाजवायला सांगितली.